क्लीटला न्यायचं कुणी?

क्लीट माशेक रविवारी गेला, आणि सोमवारी सकाळी कॅफेत बसल्या बसल्या डेलमार कुचेराने जाहीर करून टाकलं, "क्लीटला दफनाला माझा ट्रक नेणार. विषय संपला!"

विषय कसला संपतोय! समोर ऑरिन श्लेगल बसला होता. त्याने हातातला मग असा आपटला, की शेजारच्या टेबलावरची साखर हलली.

"तुझा ट्रक? अरे, क्लीटने असं काय पाप केलं होतं?"

"मग काय तुझ्या डब्यातून नेऊ?"

"डबा कुणाला म्हणतोस?"

झालं! बाहेर नेब्रास्काचा नोव्हेंबर ओल्या पोत्यासारखा पडलेला, मक्याच्या शेतांत नुसते खुंट, आणि आत हे दोन म्हातारे पेटलेले.

तसं हे भांडण जुनं होतं, ट्रकांइतकंच जुनं. डेलमारचा पीटरबिल्ट 379, पिकलेल्या चेरीच्या रंगाचा. ऑरिनचा केनवर्थ W900, गडद निळा. दोन्ही लांब नाकाचे, दोन्हींच्या पाठीशी दोन-दोन उभी धुराडी, दोन्हींचं क्रोम असं घासलेलं की त्यात बघून दाढी करावी. परक्या माणसाला दोन्ही सारखेच दिसत. आणि तसं बोलून दाखवणाऱ्या परक्या माणसाला ह्या कॅफेत दुसरा कप मिळत नसे.

डेलमार म्हणायचा, "379 चं नाक बघा! सरळ, चौकोनी, रुबाबदार! दिवे कसे दोन बाजूंना काढून लावलेत, दारातले भालदारच!"

ऑरिन म्हणायचा, "आडवं पाडलेलं कपाट आहे ते! W900 चं नाक त्याहून बोटभर लांब आहे, बोटभर! आणि मडगार्डचा उतार बघा, घोडीची पाठ जशी!"

दोन्ही कारखान्यांचा मालक एकच. म्हणजे ट्रक नात्याने सख्खे भाऊ. पण हे वाक्य गावात उच्चारायचं नसे, फादरांनीसुद्धा.

आणि ह्या दोघांच्या मधल्या खुर्चीत इतकी वर्षं क्लीट बसायचा. त्याने जन्मभर दूधसंघाचा चपट्या तोंडाचा, बिननाकाचा ट्रक चालवला, त्यामुळे पंच म्हणून दोघांनाही चालायचा. रोज सकाळी दोघं विचारायचे, "सांग क्लीट, कुठला चांगला?" क्लीट कॉफीवर फुंकर घालायचा आणि म्हणायचा, "दोन्ही पुढे जातात की!" ह्या उत्तरात दोघांना रोज आपापला विजय दिसे, आणि दिवस चांगला जाई.

आता ती खुर्ची रिकामी होती. डेलमारने तिच्यावर आपली टोपी ठेवली, मग उचलली, मग मांडीवर घेतली. एक गोष्ट त्याच्या आत्ताच ध्यानात आली होती आणि ती त्याला मुळीच आवडली नव्हती. ऑरिन त्याचा मित्र नव्हता. ऑरिन क्लीटचा मित्र होता, आणि डेलमारही क्लीटचा मित्र होता. बस्स. बायको कधीच सोडून गेलेली, मूलबाळ नाही. क्लीट नसेल तर ह्या टेबलावर यायचं कशाला?

म्हणून तो आणखी मोठ्याने ओरडला, "चल आर्डिथकडे! तीच सांगेल!"

आर्डिथ म्हणजे क्लीटची बायको. स्वयंपाकघरात उभी होती, आणि ओटा, टेबल, खिडकीची चौकट, जिथे जागा दिसेल तिथे शेजाऱ्यांनी आणून दिलेली भांडी होती. नूडल्स, बटाटे, हॅम, पुन्हा नूडल्स. माणूस गेला की गाव तुम्हाला खायला घालतं. खाणार कोण, हे कुणी विचारत नाही.

"ट्रेलरवरून जायचं, एवढंच त्याचं म्हणणं होतं," ती म्हणाली. "उघड्या ट्रेलरवरून, आपल्या रस्त्याने. पुढे कुठला ट्रक जोडायचा ते काही बोलला नाही."

"काहीच नाही?" डेलमारने विचारलं.

"कधीच नाही?" ऑरिनने विचारलं.

"तुम्ही दोघं मिळून ठरवा. आणि भांडायचं असेल तर माझ्या दारात नको. आणि जाताना प्रत्येकी एकेक भांडं घेऊन जा!"

दोघं नूडल्स घेऊन बाहेर पडले.

गावातल्या अंत्यविधींचं सगळं फेन्स्के बघायचा. हा माणूस इतका हळू बोलायचा, की त्याच्यासमोर जिवंत माणसालाही आपण फार गडबड करतोय असं वाटे. तो म्हणाला, "ट्रेलरवरून न्यायला माझी हरकत नाही. पण पेटी घसरता कामा नये. आधी एकदा बांधून, फिरवून बघा. मागच्या खोलीत नमुन्याची पेटी आहे, कोपरा चेपलाय तिचा. ती घेऊन जा."

सल्ला अगदी रास्त होता. रास्त सल्ल्याचं वाटोळं कसं करावं, हे मात्र ह्या दोघांकडून शिकावं!

गुरुवारी दुपारी धान्यकोठाराच्या आवारात सपाट ट्रेलर उभा केला. त्यावर पेटी चढवली. आणि ऑरिनला कल्पना सुचली.

"तुलना करू. आधी माझा ट्रक जोडू, एक चक्कर. मग तुझा जोडू, तीच चक्कर. ज्याचे धक्के कमी, तो क्लीटला नेणार."

"धक्के मोजणार कोण?"

"आत पाण्याचा ग्लास ठेवू."

ग्लास ठेवला. तो ट्रक सुरू व्हायच्या आतच, झाकण लावताना, कलंडला. मग बियाण्याची पोती ठेवून बघितली. पण पोती काही बोलेनात! असल्या वेळी क्लीट उपयोगी पडला असता. तो आत पडून राहिला असता आणि बाहेर येऊन म्हणाला असता, दोन्ही पुढे जातात की!

"मी झोपतो आत," डेलमार म्हणाला.

"तू? आणि माझ्या ट्रकबद्दल खरं सांगशील?"

"क्लीटच्या जागी पडून खोटं बोलेन का, गाढवा?"

ह्यावर ऑरिनने झाकण उघडून धरलं. ठरलं की ह्या फेरीला आत डेलमार, पुढच्या फेरीला ऑरिन.

डेलमार पेटीत उतरला. बूट काढावेत की ठेवावेत हे कळेना, शेवटी ठेवले. झाकणाच्या फटीत आपला कामाचा जाड हातमोजा अडकवला, हवा यावी म्हणून. फोन त्याच्याच ट्रकमध्ये राहिला. ऑरिनने पेटीवरून पट्टे टाकले आणि सवयीने करकचून आवळले, वरच्या झाकणावरूनसुद्धा. आयुष्यभर ज्याने माल बांधल्याशिवाय हलवला नाही, तो आज मित्राला सैल कसा ठेवेल?

"आवळू नकोस रे एवढं!"

"नियम आहे!" असं म्हणून ऑरिन गेला.

आत कापराचा वास होता. गादी बघायला मऊ आणि पाठीला फळीसारखी; म्हणजे ती बघणाऱ्यांसाठीच केलेली होती. खाली ट्रेलर थरथरला. ऑरिनने गिअर टाकले, एक, दोन, तीन, आणि डेलमार धक्क्याची वाट बघत राहिला. धक्का आला नाही! म्हातारा गाडी अशी चालवत होता, जसं झोपलेलं मूल खांद्यावरून नेतात. डेलमारला राग आला. मग राग ओसरला, आणि अंधारात पडल्या पडल्या त्याला पहिल्यांदाच नीट कळलं की परवा क्लीट असाच पडणार, आणि त्याच्याकडे हातमोजा नसेल.

फटीतून करड्या आभाळाची एक पट्टी दिसत होती. भुरभुर पाऊस आत येत होता. त्याने डोळे मिटले.

बाहेर काय चाललं होतं ते आता ऐका. खडीच्या रस्त्यावर एक पिकअप समोरून आला. चालवणाऱ्याने पाहिलं: निळा ट्रक, सपाट ट्रेलर, वर शवपेटी. त्याने गाडी कडेला घेतली, खाली उतरला आणि टोपी छातीशी धरली. आमच्याकडे हीच रीत आहे. ऑरिनने काय करावं? हात हलवून "रिकामी आहे, रिकामी आहे" सांगावं, तर ती रिकामी नव्हती! त्याने गंभीरपणे मान लववली. इथे चुकलं.

कारण पिकअपवाला मागे वळला आणि दिवे लावून ट्रकच्या मागोमाग निघाला. मग एक म्हातारं जोडपं सामील झालं. मग शाळेची बस कडेला थांबली. मग दुधाची गाडी. प्रत्येकाने कुणाला ना कुणाला फोन केला: "अगं, क्लीटला आजच नेतायत! आपल्याला कुणी सांगितलं नाही!" रस्ता अरुंद, कडा चिखलाने खचलेल्या, ट्रेलर उभा करायची सोय नाही. ऑरिनने मनाशी ठरवलं की हायवे लागला की गुपचूप वळायचं. तर चौकात शेरिफचा माणूस आधीच उभा! त्याने सगळी वाहतूक अडवून धरली होती आणि अतिशय आदराने ऑरिनला चर्चकडे हात दाखवत होता. आता तो हात डावलून जाणार कोण?

पेटीत डेलमारला घंटा ऐकू आल्या.

"आमच्या वाटेत कुठे चर्च होतं?" तो स्वतःशी म्हणाला.

ट्रक थांबला. दारं उघडल्याचे, मिटल्याचे आवाज, खूप आवाज. पावलं जवळ आली. डेलमारने ओरडायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात कानाशीच कुणीतरी हुंदका दिला. तोंड आपोआप मिटलं. लोक क्लीटसाठी रडत होते! आता मध्येच "मी डेलमार" म्हणून कसं सांगायचं?

"चांगला माणूस," एक पुरुषी आवाज म्हणाला.

"देवमाणूस," बाईचा आवाज आला. "त्या दोघा भांडकुदळांना रोज सकाळी सहन करायचं म्हणजे!"

"ते दोघं आता काय करणार?"

"ऑरिनला मुली आहेत. पण डेलमारचं अवघड आहे. त्याला क्लीटशिवाय होतं कोण? उद्या तो गेला, तर पेटी उचलायला सहा माणसं तरी जमतील का, सांगा!"

"चार जमतील. ऑरिनला धरून."

"ऑरिन येईल?"

ह्यावर कुणीतरी नाक शिंकरलं. डेलमार पाऊस ऐकत पडून राहिला. जिवंतपणी आपल्या माघारी काय बोललं जाईल हे ऐकायला मिळणं म्हणजे भाग्य, असं म्हणतात. असं म्हणणारे कधी पेटीत पडलेले नसतात.

आणि तेवढ्यात तीच बाई म्हणाली, "शी! हा घाणेरडा हातमोजा कुणी लटकवून ठेवलाय? मेलेल्या माणसाची काही लाज?"

तिने हातमोजा ओढून काढला. पट्ट्यांनी आवळलेलं झाकण खट्‌कन बसलं. करड्या आभाळाची पट्टी गेली.

"हातमोजा!" पेटीतून आवाज आला. "हातमोजा परत घाल!"

पुढचा गोंधळ काय वर्णावा! बाईने किंचाळून हातमोजा फेकला, तो फादरांच्या छातीवर बसला. फादरांनी आधी क्रूसाची खूण केली आणि मग ते तीन पायऱ्या मागे गेले. ब्रास बँडचा एक जाड गृहस्थ घाईघाईत ट्यूबा घेऊन आला होता. त्याने दचकून त्यात एवढी मोठी फुंकर मारली, की चर्चवरची कबुतरं उडाली. म्हातारं जोडपं चिखलातच गुडघ्यांवर बसलं. आणि ऑरिन ट्रेलरवर चढून पट्ट्याची कळ ओढत होता, ती सुटेना, आणि तो ओरडत होता, "डेलमार! श्वास घे! नको, घेऊ नकोस, पुरवून वापर! डेलमार!"

त्या आवाजात रडू होतं. डेलमारला ते आतून स्पष्ट ऐकू आलं.

पट्टा सुटला. झाकण उघडलं. डेलमार उठून बसला, केस उभे, अंगाला कापराचा वास. समोर अर्धं गाव उभं. आणि गर्दीच्या मधून घरातल्या सपाता आणि ॲप्रन घातलेली आर्डिथ येत होती. तिला कुणीतरी फोन करून विचारलं होतं, तुझ्या नवऱ्याला चर्चपाशी आणलंय, तू येतेयस ना?

ती ट्रेलरपाशी येऊन थांबली. डेलमारकडे बघितलं. ऑरिनकडे बघितलं.

"हे काय आहे?"

"तुलना," ऑरिन म्हणाला.

"कसली?"

"ट्रकांची. आधी माझा जोडला. मग त्याचा जोडणार होतो. धक्के कुणाचे कमी बसतात ते बघायला."

आर्डिथने ट्रेलरच्या चाकांकडे बघितलं. "ट्रेलर दोन्ही वेळा हाच?"

"हाच."

"पेटी ट्रेलरवर?"

"ट्रेलरवर."

"मग खालचे धक्के तर ट्रेलरचेच ना? आत पडून पुढचा ट्रक कसा कळणार?"

हे बोलायला चाळीस वर्षं ट्रक चालवावा लागत नाही. चाळीस वर्षं चालवलेले दोघं मात्र आपापले बूट बघत होते. खरं म्हणजे डेलमारला हे पेटीत पहिला पाय टाकतानाच माहीत होतं. ऑरिनच्या खाली गेलेल्या मानेकडे बघून त्याला कळलं, की ऑरिनलाही माहीत होतं. पण तुलना संपली असती, तर आवारात उभं राहून एकमेकांशी बोलायचं काय?

"फेन्स्केची काळी गाडी नेईल त्याला," आर्डिथ म्हणाली. ओरडली नाही, ओरडली असती तर बरं झालं असतं. वळली आणि चिखलातून सपाता फटफट वाजवत घरी गेली.

त्या संध्याकाळी डेलमारला नूडल्स गेले नाहीत. माणसाने आयुष्यात एक गोष्ट मागितली होती, उघड्या ट्रेलरवरून, आपल्या रस्त्याने. तीही ह्यांनी घालवली.

शुक्रवारी सकाळी तो टोपी हातात घेऊन आर्डिथच्या दारात उभा राहिला. "आर्डिथ, काळी गाडी नको. ट्रेलरवरूनच ने त्याला. आणि..." इथे त्याच्या घशात काहीतरी अडकलं, बहुतेक पीटरबिल्टच असावा. "आणि ऑरिनचा ट्रक जोड. ट्रक कुठला ते सोड. पण चालवतो चांगला. मी आत होतो, मला माहीत आहे."

आर्डिथने त्याच्याकडे विचित्र नजरेने बघितलं. "ऑरिन आत बसलाय. कॉफी पितोय."

"कशाला आलाय?"

"तुझा ट्रक जोड म्हणून सांगायला."

डेलमार तडक आत गेला. "माझा कशाला? तुझाच जोडायचा!"

"मी तुला पेटीत कोंडलं," ऑरिन म्हणाला. "माझी लायकी नाही. तुझा जोडायचा."

"मी म्हणतो तुझा!"

"आणि मी म्हणतो तुझा! 379 सारखं नाक..."

"नाकाचं काय सांगतोस? तुझं बोटभर लांब आहे!"

"बास!" आर्डिथने टेबलावर डाव आपटला. "ऑरिनचा पुढे, डेलमारचा मागे, मी डेलमारच्या शेजारी. आता ह्यावरून भांडाल, तर दोघांनाही पेटीत घालीन!"

शनिवारी तसंच निघाले. निळा ट्रक, ट्रेलर, त्यावर क्लीट. मागे चेरीच्या रंगाचा ट्रक, त्यात काळ्या टायमध्ये डेलमार आणि शेजारी काळा कोट घातलेली आर्डिथ. तोच रस्ता, तसाच पाऊस. डेलमारची मान ताठ होती.

पहिला पिकअप समोरून आला. थांबला नाही. चालवणाऱ्याने खिडकीतून हात काढला, आनंदाने हलवला आणि भोंगा वाजवला.

दुसऱ्या वळणावर कुंपण दुरुस्त करणारे दोघं हसत उभे होते. एकाने तोंडाला हात लावून आरोळी दिली, "ऑरिन, आज कुणाला कोंडलंस रे?"

गुरुवारची गोष्ट सगळ्या तालुक्यात पोहोचली होती. दफनाचा दिवस शनिवार आहे, हे मात्र पोहोचलं नव्हतं.

ट्रेलर पुढे सरकला, आणि त्या माणसाला मागच्या ट्रकची काच दिसली. काचेमागे डेलमार. म्हणजे आत डेलमार नाही. त्याच्या शेजारी आर्डिथ. माणसाचं हसू तोंडावरच राहून गेलं, विसरलेल्या छत्रीसारखं. टोपी काढायला हात वर गेला, तोवर ट्रक पुढे गेला होता.

"थांबवू का?" डेलमारने विचारलं. त्याचा आवाज फाटला. "खाली उतरून एकेकाला सांगतो, की आज क्लीट आहे. खरंच सांगतो, आर्डिथ."

"चल पुढे," ती म्हणाली, आणि खिडकीतून खुंटांकडे बघत राहिली. घरं मागे जात होती आणि लोक हात हलवत होते. अख्ख्या वाटेत क्लीटसाठी एकही टोपी निघाली नाही.

मातीचं काम झालं. चर्चच्या तळघरात हॅमचे सँडविच झाले. आर्डिथला तिची बहीण घेऊन गेली. दुपार कलताना दोघं परत निघाले, ऑरिन रिकामा ट्रेलर घेऊन पुढे, डेलमार मागे.

कुंपणवाल्याने मधल्या वेळात फोन केले असावेत, शरमेने आणि भराभर. कारण त्याच वळणावर तो आणि त्याचा सोबती रस्त्याच्या कडेला उभे होते, टोप्या छातीशी, डोकी पावसात भिजत. पुढच्या घरासमोर एक बाई तीन मुलांना रांगेत उभं करून थांबली होती. त्याच्या पुढे पिकअपवाला, मान खाली. मग दुधाची गाडी, दिवे लावून. जिथे जिथे शेताची वाट रस्त्याला मिळत होती, तिथे तिथे माणसं होती. ट्रेलरवर काय आहे आणि काय नाही, हे मान वर करून बघायचं धाडस कुणाला होत नव्हतं.

डेलमारच्या ट्रकमधला, ट्रकवाल्यांनी आपसात बोलायचा रेडिओ खरखरला. ऑरिनचा आवाज आला.

"डेलमार."

"हं."

"सांगायचं का रे ह्यांना, रिकामा आहे म्हणून?"

डेलमारने पुढे बघितलं. एक म्हातारा काठी टेकत फाटकाशी येत होता, फार सावकाश, आणि ट्रक यायच्या आत पोहोचायची धडपड करत होता.

"नको," तो म्हणाला. "गाडी जरा हळू घे."